चार्ज देताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि "तुझ्या व्यवसायातलं, पण आपल्या उपयोगाचं काहीतरी सांग" असं बजावलंय. मी चार्टर्ड अकाउंटंट. तेहतीस वर्षं पुण्यात फर्म चालवतोय. सीए बोलायला उभा राहिला की लोकांना इन्कम टॅक्स आठवतो. तो विषय मी काढणार नाही, जेवण अजून व्हायचंय.

मी वेगळं बोलणार आहे. आपण सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे आलो आहोत. सकाळी ओळख करून देताना मी मोजत होतो. आपल्यात दोन डॉक्टर आहेत, स्वतःचा दवाखाना असलेले. एक वकील आहेत, एक आर्किटेक्ट. दोघं इंजिनिअर सल्लागार आहेत, हाताखाली पंधरा-वीस माणसं आहेत. एकीचा पुण्यात क्लास आहे. आणि मी. या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. आपल्याकडे मोठा कारखाना नाही, यंत्रं नाहीत, माल भरलेलं गोदाम नाही. लोक आपल्याकडे येतात ते आपल्या कामावरच्या भरवशानं. मग प्रश्न असा की आपण थांबलो की या भरवशाचं काय होतं? तो कोणाचा? तो द्यायचा कसा, कोणाला आणि किती किमतीला?

यावर सगळ्यात चांगली पद्धत मी कुठे पाहिली असेल, तर ती आपल्या शाळेत. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली की शिक्षक निवृत्त होतात. (आमच्या व्यवसायात अठ्ठावन्न झाली की लोक म्हणतात, "आता कुठे साहेबांना अनुभव आलाय.") मुख्याध्यापक निवृत्त होताना चार्ज देतात. दाखल-खारीज रजिस्टर, कॅशबुक, डेडस्टॉक रजिस्टर, कपाटांच्या किल्ल्या, अपुरी राहिलेली कामं, सगळ्याची यादी होते. देणारा सही करतो, घेणारा सही करतो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची घंटा नेहमीच्या वेळेला वाजते. मुलांना फरक कळतसुद्धा नाही. शाळा कोणाच्या मालकीची नसते म्हणून हे सोपं जातं असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण जिथे मालकी आहे तिथे तर चार्ज द्यायची गरज जास्त आहे, आणि तिथेच तो दिला जात नाही.

आपल्याला मालकी म्हटलं की जमीन आठवते. त्यात आपण तरबेज आहोत. हायवे रुंद झाला, खेड शिवापूरपासून कापूरहोळपर्यंत जमिनीला भाव आला, तेव्हापासून तर शेंबड्या पोरालाही फेरफार म्हणजे काय ते ठाऊक आहे. घरातला कर्ता माणूस गेला की तलाठ्याकडे अर्ज जातो, वारस नोंद होते, फेरफार पडतो, मंडल अधिकारी मंजूर करतात आणि सातबाऱ्यावर मुलांची, मुलींची, आईची नावं लागतात. भांडणं होतात, कोर्टात तारखा पडतात, पण या सगळ्या काळात जमीन जागच्या जागी असते. वीस वर्षं दावा चालला तरी शिवगंगेकाठचं खाचर कुठे पळून जात नाही. निकाल लागला की तिथे पुन्हा भात लावता येतो.

आमच्यासारख्यांच्या फर्मचं तसं नाही. फर्मचा वाद वीस महिने चालला तर वाटून घ्यायला काही उरत नाही. क्लायंट थांबत नाही, त्याला रिटर्न वेळेत भरायचं असतं. रुग्ण थांबत नाही. चांगली माणसं तर सगळ्यात आधी जातात, कारण त्यांना दुसरीकडे काम मिळतं. सातबाऱ्यावर जमीन चढते, कसब चढत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी आर्टिकलशिप केली ती पुण्यातली एक जुनी, नावाजलेली फर्म होती. नाव सांगत नाही. सर एकटेच मालक होते. कामात अतिशय कडक आणि मनानं मोठे. ऑफिसात आम्ही नऊ जण. कोणत्या क्लायंटचं काय चाललंय, कोणाकडून किती फी यायची आहे, कोणाला काय शब्द दिलाय, हे सगळं सरांच्या डोक्यात. ऐन कामाच्या दिवसांत एका पहाटे त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. तेराव्यानंतर त्यांच्या पत्नी ऑफिसात आल्या. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता, पण कोणती किल्ली कोणत्या कपाटाची ते त्यांना माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. क्लायंट भेटायला येत, हळहळत, आणि जाताना आपली फाइल मागून नेत. त्यांचाही इलाज नव्हता. येणी होती, पण ती लेखी नव्हती. सहा महिन्यांत ऑफिस बंद झालं. आम्ही आर्टिकल मुलं दुसऱ्या सीएंकडे गेलो, आमचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते तिथल्या जुन्या कारकुनांचं. बावीस वर्षं त्यांनी तिथे काढली होती. पन्नाशीला आलेल्या माणसाला कोण ठेवून घेतो? आणि बाईंना काय मिळालं? टेबलं, खुर्च्या आणि जागेची डिपॉझिट. तीस वर्षांची कमाई केलेलं नाव त्यांच्या हातात आलंच नाही.

सरांनी मृत्युपत्र केलं होतं. घर, ठेवी, दागिने, सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. फर्म तेवढी राहिली होती.

आता कायदा थोडा बघू, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांचा समज असतो की "मुलं आहेत, ती बघतील." मुलं बघतील की नाही हे नंतर, आधी कायदा बघू देतो का ते बघा. सीएच्या फर्ममध्ये नफ्याचा वाटा बाहेरच्या माणसाला देता येत नाही. मृत भागीदाराच्या वारसाला देता येतो, तशी सवलत आहे, पण वारस सीए नसेल तर तो फर्म चालवू शकत नाही. वकिलांना वकील नसलेल्या माणसाशी भागीदारी करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. दवाखान्याची इमारत मुलाच्या नावावर होते, पण नाडी तपासायला त्याचं स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं. म्हणजे वारसा हक्कानं भिंती मिळतात. आत बसायचा परवाना ज्याचा त्यानं मिळवावा लागतो.

एकट्याची फर्म असेल तर माणूस गेला की फर्म गेली. आमच्या इन्स्टिट्यूटनं एवढी सोय ठेवली आहे की एकट्या मालकाचं निधन झालं तर त्याच्या वारसांना फर्मचं गुडविल दुसऱ्या सीएला विकता येतं, पण तो व्यवहार वर्षाच्या आत पुरा व्हावा लागतो. कोणाच्या घरात दुःखाच्या पहिल्या वर्षात असा सौदा धडपणे होतो?

भागीदारी असेल तर १९३२ चा कायदा लागू. त्याचं ४२ वं कलम सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूनं फर्म विसर्जित होते. "करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर" हे शब्द महत्त्वाचे. कित्येक फर्मचा करारनामा सुरुवातीला कुठूनतरी नक्कल करून आणलेला असतो आणि बँकेत खातं उघडल्यावर तो पुन्हा कोणी वाचलेला नसतो. आणि दोनच भागीदार असतील तर करारात काहीही लिहा, एक गेल्यावर भागीदारी उरत नाही, कारण भागीदारीला निदान दोघं लागतात. याच कायद्याचं ३७ वं कलम आणखी एक गोष्ट सांगतं. गेलेल्या भागीदाराचा हिशोब न मिटवता बाकीच्यांनी धंदा चालू ठेवला, तर वारसांना दोन पर्याय असतात: त्याच्या पैशामुळे झालेल्या नफ्यात वाटा, किंवा त्याच्या रकमेवर सालाना सहा टक्के व्याज. निवड वारसांची. म्हणजे मागे राहिलेल्यांच्या मानेवर ही टांगती तलवार.

२००८ च्या कायद्यानं एलएलपी आली. तिथे भागीदार गेला तरी संस्था राहते. वारसांना त्याचं भांडवल आणि साठलेल्या नफ्यातला वाटा मिळतो, कारभारात हात घालता येत नाही. हे बरं आहे. पण संस्था कागदावर राहिली म्हणून क्लायंट राहतोच असं नाही.

आपल्या इंजिनिअर मित्रांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आहेत. तिथे शेअर असतात, आणि शेअर हे जमिनीसारखे वारसांत वाटले जातात. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या मागे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. आईचा वाटा आपण हमखास विसरतो. आणि "मी नॉमिनी लावलाय" म्हणून कोणी निर्धास्त असेल, तर त्यानं ऐकावं. ज्यांचं कॅलेंडर आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर असतं, त्या 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ साली गेले. त्यांच्या काही गुंतवणुकींबाबत नॉमिनी आणि वारस असा प्रश्न उभा राहिला, मुंबई उच्च न्यायालयातून तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला. नॉमिनी हा मालक होत नाही. तो रक्कम किंवा शेअर ताब्यात घेतो, आणि ते शेवटी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ज्याचे त्याला जातात. तेव्हा नॉमिनेशन जरूर करा, पण ते मृत्युपत्राच्या जागी धरू नका.

इतकं करूनही अडतं, याचं मोठं उदाहरण मुंबईतलंच आहे. अमरचंद मंगलदास ही १९१७ साली सुरू झालेली वकिलांची फर्म. देशातल्या सर्वांत मोठ्या फर्मपैकी एक. मोठमोठ्या कंपन्यांना वाटण्या, विलीनीकरणं, करारमदार यांचा सल्ला देणारी. पुढच्या पिढीत दोन भाऊ, एक मुंबई सांभाळायचा, एक दिल्ली. दोघंही कर्तबगार. २०१४ मध्ये त्यांची आई गेली आणि आईच्या फर्ममधल्या वाट्याचं काय, यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. शेवटी मे २०१५ मध्ये फर्मच्या दोन फर्म झाल्या. दोघांनी जुनं नाव पुढे चालवलं, दोन्ही आज भरभराटीत आहेत. शेकडो वकील असलेली फर्म कापली तर दोन तुकडे जगतात. आपलं दहा-वीस माणसांचं ऑफिस कापलं तर एकही जगत नाही. आणि लक्षात घ्या, तिथे कायद्याच्या ज्ञानाची काही कमतरता नव्हती.

याउलट दोन उदाहरणं परदेशातली आहेत. मॅकिन्झी ही अमेरिकेतली सल्लागार कंपनी. तिला मोठं केलं मार्व्हिन बॉवर यांनी. १९६३ साली त्यांना साठ वर्षं झाली तेव्हा त्यांनी आपले शेअर कंपनीला परत विकले, आणि तेही पुस्तकी किमतीला. बाजारात त्यांना कितीतरी पट मिळाले असते. पण मग ती किंमत मागच्या तरुण भागीदारांना कर्ज काढून फेडावी लागली असती. दुसरं उदाहरण ओव्ह अरुप यांचं. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं स्ट्रक्चर ज्यांच्या फर्मनं उभं केलं, ते इंजिनिअर. त्या फर्मची मालकी आज कोणा घराण्याकडे नाही, ट्रस्टकडे आहे, आणि तिचा लाभ तिथे काम करणाऱ्यांना मिळतो. आपल्याला लगेच ट्रस्ट काढायची गरज नाही. पण या दोघांनी एक गोष्ट ओळखली होती. घेणाऱ्याला परवडेल अशीच किंमत लावली तर फर्म पुढे जाते.

किमतीचं गणित करूनच दाखवतो. गणिताचे सर समोर बसलेत, चुकलं तर थांबवतील. समजा एका फर्मचा वर्षाचा नफा ८० लाख. थोरल्या भागीदाराचा वाटा ६० टक्के, म्हणजे ४८ लाख. दोन धाकटे, प्रत्येकी २० टक्के, म्हणजे १६-१६ लाख. थोरला निघाला की ते ४८ लाख या दोघांकडे येणार. आता थोरला म्हणाला, "मी फर्म उभी केली, मला अडीच कोटी एकरकमी द्या." धाकट्यांकडे तेवढे नाहीत. बँक गुडविलवर कर्ज देत नाही, ती घराचे कागद मागते. मग ते दोघं काय करतात? समोरच्या इमारतीत स्वतःची पाटी लावतात. क्लायंट त्यांना ओळखतातच. थोरल्याला अडीच कोटी सोडा, अडीच लाख मिळत नाहीत.

आता दुसरा हिशोब. किंमत एक कोटी वीस लाख, म्हणजे थोरल्याच्या अडीच वर्षांच्या नफ्याएवढी. ती पाच वर्षांत, दरवर्षी २४ लाख. जे ४८ लाख धाकट्यांकडे नव्यानं येतात, त्यातले निम्मे थोरल्याला, निम्मे त्यांच्या घरी. पहिल्या वर्षापासून त्यांना दरमहा फरक दिसतो, म्हणून ते टिकतात. थोरल्यालाही पाच वर्षं उत्पन्न राहतं. आणि क्लायंट गळाले, फी कमी झाली, तर हप्ता त्या प्रमाणात कमी होईल असं आधीच लिहून ठेवायचं. म्हणजे क्लायंट नीट सोपवून देण्यात थोरल्याचाही जीव अडकतो. आकडे ज्याचे त्याचे वेगळे असतील. मापन एकच: किंमत कामाच्या उत्पन्नातून फिटली पाहिजे.

आता माझ्या घरातलं सांगतो. कारण याच बाबतीत गेल्या दोन वर्षांत मला गावात, लग्नकार्यात, अगदी बनेश्वरला दर्शनाला गेलो तरी लोकांनी विचारलंय.

माझी मुलगी सीए आहे आणि आमच्याच फर्ममध्ये भागीदार आहे. आम्ही पाच भागीदार. त्यात एक जण आपल्याच भोर तालुक्यातला, माझ्याकडे आर्टिकल म्हणून आला होता. एसटीनं स्वारगेटला उतरून चालत यायचा. आज एकोणीस वर्षं तो फर्ममध्ये आहे, आणि फर्मचे निम्म्याहून जास्त क्लायंट आज पहिला फोन त्याला करतात. सहा वर्षांपूर्वी मी चौघांना सांगितलं की मी निघणार आहे, आणि माझ्यानंतर फर्मचा प्रमुख कोण हे तुम्ही चौघांनी बसून ठरवा, मी त्या खोलीत नसेन. त्यांनी त्याला निवडलं. माझ्या मुलीनंही त्यालाच मत दिलं, हे तिनं मला स्वतः सांगितलं.

नातेवाइकांना हे पटलं नाही. एक वडीलधारे आबा मला म्हणाले, "पोरगी शिकली, त्याच कामात आहे, आणि तू किल्ल्या बाहेरच्याच्या हातात देतोस?" त्यांचा राग मायेचा होता. मी त्यांना भोरचीच गोष्ट सांगितली. भोर संस्थान पंत सचिवांचं. सचिव हे अष्टप्रधान मंडळातलं पद, दप्तराचा कारभार पाहायचं. शिवाजी महाराजांच्या काळी पद कामगिरीवर मिळायचं, ते बापाकडून मुलाकडे आपोआप जात नव्हतं. पुढे राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात शंकराजी नारायण स्वतःच्या कर्तबगारीवर सचिव झाले, आणि मग ते पद घराण्यात राहिलं. पदाची जहागीर झाली, जहागिरीचं संस्थान झालं, आणि ८ मार्च १९४८ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. राजवाडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण सचिवाचं मूळ काम कधी मागे पडलं, हे कोणी सांगू शकत नाही. आबांना म्हटलं, मला मुलीला जहागीर द्यायची नाही. ती उत्तम सीए आहे. तिचा वाटा तिनं कामावर मिळवलाय आणि पुढेही मिळवेल.

मुलीला मी एकदा सरळ विचारलं, "तुला वाईट वाटलं का गं?" ती म्हणाली, "बाबा, तुमच्या खुर्चीवर बसले असते तर जन्मभर लोकांनी मला तुमची मुलगीच म्हटलं असतं. आणि ऑफिसातली चांगली पोरं सोडून गेली असती." वाईट वाटलं की नाही याचं उत्तर तिनं दिलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. घर, बचत, गावाकडचं शेत, हे मृत्युपत्रात आहे. त्यावर तिचा आणि तिच्या आईचा हक्क आहे. फर्म त्या मृत्युपत्रात नाही. ती भागीदारीच्या करारात आहे. या दोन गोष्टी दोन कागदांवर ठेवल्या म्हणून घरातही शांतता आहे आणि ऑफिसातही.

सहा वर्षांपूर्वी माझा वाटा ५५ टक्के होता. दरवर्षी साडेसात टक्के कमी करत तो आज दहावर आलाय. येत्या ३१ मार्चला शून्य होईल. माझं भांडवल हप्त्यानं परत मिळेल, गुडविल आत्ता सांगितलं त्याच हिशोबानं. नाव पाटीवर राहील की नाही, ते त्यांच्यावर सोडलंय.

चार्ज द्यायला वेळ लागतो, आणि कागदापेक्षा माणसांचा चार्ज द्यायला जास्त लागतो. आम्ही पहिल्या वर्षी एकच नियम केला: प्रत्येक क्लायंटला फर्ममधले दोन चेहरे माहीत हवेत. बैठकीला मी एकटा जायचं नाही. दुसऱ्या वर्षापासून बैठकीत मी बोलायचं कमी केलं. हे सगळ्यात अवघड होतं. तिसऱ्या वर्षापासून मी जायचंच बंद केलं. एका जुन्या क्लायंटनं फोन करून विचारलं, "साहेब, आमचं काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही हो, मी असताना तुमची सवय मोडतोय. मी नसताना मोडली तर तुम्ही दुसरीकडे जाल."

आता शेवटचं, आणि हे लिहून घ्या. ज्यांचं स्वतःचं काही आहे, मग तो दवाखाना असो, क्लास असो की सल्लागार फर्म, त्यांनी या चार गोष्टी करा.

पहिली, आपला भागीदारीचा करार, एलएलपीचा करार किंवा कंपनीचं आर्टिकल्स ऑफ असोसिएशन कपाटातून काढा आणि मृत्यू, आजारपण, निवृत्ती या तीन शब्दांपुढे काय लिहिलंय ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर वकिलाकडे जा. आपल्या वर्गातच आहेत, फी कमी घेतील.

दुसरी, किंमत ठरवायची पद्धत आज लिहून ठेवा, सगळे धडधाकट असताना. कोण आधी जाणार हे माहीत नसतं, तेव्हाच माणसं न्यायानं बोलतात.

तिसरी, शाळेसारखी चार्ज यादी करा. येणी, देणी, दिलेले शब्द, पासवर्ड, डिजिटल सिग्नेचर कोणाकडे, कोणती किल्ली कुठली. दरवर्षी ३१ मार्चला ती नवी करा. एक प्रत ऑफिसात, एक घरी.

चौथी, मृत्युपत्र करा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि घरातल्यांना बसवून सांगा की फर्ममधून त्यांना काय मिळणार आहे आणि काय मिळणार नाही. आपण गेल्यावर हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळू नये.

आपले सर आणि बाई निवृत्त झाले तेव्हा त्यांनी शाळेतून एक खडूसुद्धा घरी नेला नाही. आज त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं या मंडपात बसली आहेत आणि त्यांच्या पाया पडतायत. काम दुसऱ्याच्या हातात सोपवूनही आपलं राहतं, हे आम्ही त्यांच्याकडे बघून शिकलो. मला ते हिशोबाच्या भाषेत कळायला तीस वर्षं लागली, एवढंच.

एक एप्रिलपासून मी रिकामा आहे. कोणाला करार वाचायला सोबत हवी असेल तर फोन करा. पहिला चहा तुमचा. स्वयंपाकघरातून इंद्रायणीचा वास कधीचा येतोय, तेव्हा मी थांबतो.